लॅपटॉपवर दुसरी ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) टाकताना मधेच अडकलोय, विंडोज उघडत नाही, टॅली आत अडकलंय (मदत हवी, लांबलचक आहे)

कलमवाला | ४ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार. देवगडच्या बाजूचा आहे, आंब्याचा धंदा, कॉम्प्युटरमधला नाही. फोनवरून लिहितोय त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गणपतीला पुण्याहून भाचा आला होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या दिवसापासून मागे लागला, मामा विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या जनरेशनचा, विंडोज अकराला आठव्या किंवा त्यापुढचा लागतो, तर मी लिनक्स मिंट टाकून देतो, विंडोजसारखीच दुसरी ओएस, फुकट आहे. मी म्हटलं अरे टॅलीचं काय, पेट्यांचा सगळा हिशोब त्यात. तर म्हणे टॅलीसाठी विंडोज राहू दे की, बाजूला मिंट टाकू, चालू करताना लॅपटॉप विचारेल कुठे जायचंय. अर्ध्या तासाचं काम म्हणाला. अर्धा तास.

गौरी आणायच्या आदल्या रात्री बसला. पेनड्राइव्हवरून मिंट उघडलं, छान दिसलं, पण इन्स्टॉल करायला गेला तर लॅपटॉपची डिस्कच दिसेना, नुसती पेनड्राइव्ह दिसते. मग त्याने फोनवर काहीतरी वाचलं आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी लॅपटॉपची आतली सेटिंग) जाऊन डिस्कचं कुठलंसं रेड होतं त्याचं एएचसीआय केलं. आता डिस्क दिसली. तेवढ्यात आरतीची हाक आली म्हणून तसाच उठला. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली आहे, चार्जरवरच चालतो, आणि आमच्या वहिनीला मखराच्या लायटिंगला नेमका तोच बोर्ड हवा होता. चार्जर काढला, लॅपटॉप बंद. आरती करून आलो, चालू केला तर विंडोज येतच नाही. निळा पडदा, रडका चेहरा, खाली इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. दोन-तीनदा तसं झालं की स्वतःच दुरुस्ती करायला घेतो, गोल गोल फिरतो आणि शेवटी जमत नाही म्हणतो.

भाचा नंतर जरा गप्पच होता. गौरी-गणपती गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तोही गेला. फोन केला तर "मामा बघून सांगतो".

टॅलीचा बॅकअप कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो. मे महिन्यात सीझन संपल्यावर घेतलेला होता, पेनड्राइव्हवर. त्याच पेनड्राइव्हवर भाच्याने मिंट टाकलंय.

---

कुडाळचो_झील | ४ सप्टेंबर, रात्री १०:५८

मामानू, शेवटची ओळ वाचून माझ्याच पोटात गोळो इलो. घरात दुसरी पेनड्राइव्ह नाय होती?

---

कलमवाला | ४ सप्टेंबर, रात्री ११:०२

होती. तिच्यावर भजनं आहेत, बाबा देत नाहीत.

---

टर्मिनल_तात्या | ४ सप्टेंबर, रात्री ११:२०

घाबरू नका. आणि कृपा करून आज रात्री काहीही नवीन करू नका. एकच सांगा, भाच्याने मिंटमध्ये 'इन्स्टॉल नाऊ' दाबलं होतं की नुसती डिस्क दिसली आणि उठला?

डिस्क दिसण्यापर्यंतच गेला असेल तर डिस्कवर एक अक्षरसुद्धा लिहिलं गेलेलं नाही, तुमचं टॅली जागच्या जागी आहे. विंडोज येत नाही त्याचं कारण वेगळं. विंडोज सुरू होताना डिस्क वाचायला जो ड्रायव्हर लागतो तो आधीच ठरलेला असतो. तुमच्याकडे तो रेडचा होता. भाच्याने खालून कुलूप बदललं, विंडोजच्या हातात जुनीच किल्ली. त्याला डिस्क सापडत नाही म्हणून रडका चेहरा, डिस्क खराब झाली म्हणून नव्हे. बायोसमध्ये जाऊन परत रेड करा, विंडोज यायला पाहिजे.

उलट बाजूने लिनक्सचंही तेच. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच इंटेलचा हा रॅपिड स्टोरेज मोड चालू असतो, त्यात असलेली एसएसडी (चिपवाली डिस्क) मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचाच दुसरा प्रकार) यांच्या इन्स्टॉलरला दिसत नाही. म्हणजे भाचा चुकला नाही, क्रम चुकला.

---

कलमवाला | ५ सप्टेंबर, सकाळी ७:१५

इन्स्टॉल दाबलं नव्हतं, आत्ता फोन करून झोपेतून उठवून विचारलं.

एफ टू दाबून आत गेलो, साटा ऑपरेशन असं लिहिलेलं सापडलं, रेड ऑन केलं. विंडोज आलं. टॅली उघडलं, शेवटचं बिल वाशीच्या व्यापाऱ्याचं, आहे. बायकोने देवाला साखर ठेवली. तात्या तुमच्यासाठी पुढच्या एप्रिलमध्ये पेटी बाजूला काढून ठेवली समजा.

---

वशिष्ठी_काठ | ५ सप्टेंबर, सकाळी ८:०५

आता पहिलं काम टॅलीचा डेटा फोल्डर दोन ठिकाणी कॉपी करा. आत्ता. चहा नंतर. मी चिपळूणचा आहे, २२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर टेबलावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क टेबलाच्या खणात. म्हणजे बॅकअप होता, पण त्याच टेबलात. दोन्ही चिखलात. तेव्हापासून एक कॉपी माडीवर आणि एक मुलीकडे ठाण्याला. पेनड्राइव्ह तीनशे-चारशेला मिळते, भजनांची मागायची गरज नाही.

---

खाडीपलीकडे | ५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मला एक कळत नाही, कशाला हा सगळा उपद्व्याप? विंडोज दहाला एक वर्षाची मुदतवाढ मिळतेय, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येणार, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन-इन करून सेटिंग सिंक केलं तर पैसेही पडत नाहीत. टॅली चालतंय, बिलं निघतायत, गप्प बसा की. तुम्हाला लिनक्स हवंय का भाच्याला?

---

कलमवाला | ५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

हे मुदतवाढीचं भाच्याने सांगितलंच नाही. ती घेतोच. पण खरं सांगू का, त्या रात्री मिंट पेनड्राइव्हवरून चालू होतं ना, ते विंडोजपेक्षा झटकन उघडत होतं, आणि मुलगी आठवीत आहे तिला ते आवडलं. आणि आता मला पण इरेला पडल्यासारखं झालंय. आधी बॅकअप घेतो. नवीन पेनड्राइव्ह आणायला माणूस जामसंड्याला पाठवलाय.

---

अलिबागकरीण | ५ सप्टेंबर, दुपारी १:२५

रेड-एएचसीआयला परत हात लावायच्या आधी एक गोष्ट बघा, सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचं सगळं गुप्त करून ठेवणारी सोय) चालू आहे का. माझा लॅपटॉप नवीन होता, अकरा आलेलं आतूनच, मी कधी बिटलॉकर चालू केल्याचं आठवत नाही. उबुंटू टाकायला म्हणून बायोसमध्ये सिक्युअर बूट (चालू होताना अनोळखी प्रोग्राम अडवणारं सेटिंग) बंद केलं आणि परत चालू केला तर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. अठ्ठेचाळीस! मी म्हटलं माझ्याकडे कुठून असणार. ती की ऑनलाइन मायक्रोसॉफ्ट अकाउंटला साठवलेली असते पण अकाउंट दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलेलं. त्या दुकानात गेले, तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. दोन दिवस त्याचा नंबर शोधण्यात गेले, तिसऱ्या दिवशी त्याने फोनवर आकडे वाचले आणि मी लिहून घेतले, मधे रेंज जायची, "सात का साठ?" असं चाललेलं.

त्यामुळे आधी की कागदावर उतरवा किंवा बिटलॉकर सस्पेंड करा, मग बायोसला हात.

---

कलमवाला | ५ सप्टेंबर, दुपारी २:००

बघितलं, आमच्याकडे ते नाहीच आहे. सुटलो.

---

टर्मिनल_तात्या | ५ सप्टेंबर, दुपारी ३:४०

छान. आता कुलूप बदलायच्या आधी विंडोजला दुसरी किल्ली द्यायची. मी कमांडसुद्धा मराठीतच लिहितो म्हणजे तुम्ही डोळे मिटून कॉपी-पेस्ट करणार नाही, वाचून टाइप कराल.

विंडोज आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल वर खूण. रीस्टार्ट करा पण थेट बायोसमध्ये जा, विंडोजमध्ये जाऊ देऊ नका. तिथे एएचसीआय करा, सेव्ह. आता विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. सेफ मोडमध्ये ते डिस्कचे साधे ड्रायव्हर सगळे लावून बघतं, त्यात एएचसीआय सापडतो आणि पुढच्या वेळेपासून तोच धरतं. परत एमएसकॉन्फिग, सेफ बूटची खूण काढा, रीस्टार्ट. झालं.

एकच खड्डा आहे, सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही. खरा पासवर्ड माहीत असू दे.

---

कलमवाला | ५ सप्टेंबर, रात्री ९:५०

खड्ड्यात पडलो होतो. पिन घेईना. पासवर्ड कुणाला आठवतोय, टॅली घातलं तेव्हा पाच-सहा वर्षांपूर्वी ठेवलेला. शेवटी बायकोने २०१९ च्या पेट्यांची वही काढली, मागच्या पानावर मजुरांच्या उचलीच्या खाली लिहिलेला होता, त्याला वाळवी लागलेली पण पासवर्ड शिल्लक. एएचसीआयवर विंडोज चालू झालं.

आता नवीन प्रॉब्लेम. भाच्याने फोनवर सांगितलं की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह श्रिंक करा, ६० जीबी मोकळी करा. डिस्क २५६ ची, विंडोज २३८ दाखवतं (बाकीची कुठे गेली?), त्यात १३० रिकामी आहे. पण श्रिंक म्हटलं तर फक्त ९१४२ एमबी देतो म्हणतोय. नऊ जीबी. १३० रिकामी असून.

---

टर्मिनल_तात्या | ५ सप्टेंबर, रात्री १०:३०

बाकीची कुठेही गेली नाही, बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने मोजतं, म्हणून २५६ चे २३८.

श्रिंकचं असं की जुन्या माजघरात जमिनीत पुरलेलं व्हायन (दगडी उखळ) असतं बघा, खोली कितीही रिकामी असली तरी मधे भिंत घालायची तर व्हायनाच्या पलीकडेच घालावी लागते. तुमच्या सी ड्राइव्हच्या मधे अशा दोन-तीन फाइली पुरलेल्या आहेत ज्या विंडोज चालू असताना हलत नाहीत, हायबरनेशनची, पेजफाइल, आणि सिस्टीम रिस्टोअरचे जुने पॉइंट. ती व्हायनं उपटायची.

अ‍ॅडमिनवाला कमांड प्रॉम्प्ट उघडा, पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश एच, जागा सोडून ऑफ. याने हायबरनेशन जातं आणि त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, ते जायलाच हवं, नाहीतर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपून राहतं आणि मिंटमधून तो ड्राइव्ह नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही. मग सिस्टीम प्रोटेक्शन बंद, पेजफाइल 'नो पेजिंग फाइल' करून सेट, रीस्टार्ट, परत श्रिंक करून बघा. काम झालं की पेजफाइल आणि प्रोटेक्शन आठवणीने परत चालू करा.

---

कलमवाला | ६ सप्टेंबर, सकाळी ११:४५

९१४२ चे ७१ हजार झाले!! ६० जीबी काढून घेतली.

आता लाईटचं बघतोय. कालपासून पाऊस असा लागलाय की दिवसातून चार वेळा जाते. आणि इन्व्हर्टरचं पाणी कमी झालंय. इन्स्टॉल चालू असताना लाईट गेली तर काय होतं?

---

खाडीपलीकडे | ६ सप्टेंबर, दुपारी १२:२०

श्रिंक चालू असताना गेली असती तर जास्त घोळ होता, ते तुम्ही आधीच करून घेतलंत. मिंटची जागा रिकामी आहे, अर्धवट राहिलं तर तेवढंच पुसून परत टाकायचं. पण तरी इन्व्हर्टरला डिस्टिल्ड पाणी घाला, नळाचं नको.

आणि कृपया कुठेही 'इरेज डिस्क' वर खूण असेल तर हात मागे घ्या. मी माझ्या मेव्हण्याच्या लॅपटॉपवर ते करून बसलोय, म्हणून तर काल सकाळी चिडून लिहिलं. पडद्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं, पण रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि आपण नेक्स्ट नेक्स्ट करत असतो. टेस्टडिस्क वगैरे पुसलेलं परत आणायचे प्रोग्राम चालवून बघितलं. जुनी फिरती हार्ड डिस्क असती तर बरंच काही मिळालं असतं, एसएसडीवर ट्रिम चालतं, पुसलेली जागा ती आतून साफ करून टाकते. त्याच्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. त्यानंतरच्या दिवाळीला मी त्यांच्याकडे गेलो नाही.

---

कुडाळचो_झील | ६ सप्टेंबर, दुपारी १२:४१

अरे बापरे. आता बोलता काय तो तुमच्याशी?

---

खाडीपलीकडे | ६ सप्टेंबर, दुपारी १२:४४

बोलतो. फोटो काढताना माझ्याकडे बघतो.

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, सकाळी ९:३५

काल रात्री केलं. 'इन्स्टॉल अलाँगसाइड' असा पर्याय आला, तोच घेतला, तीनदा वाचून. मुलगी बाजूला बसून मोठ्याने वाचत होती. खरंच सांगतो, मुख्य इन्स्टॉल वीस मिनिटांत झालं. भाच्याचा अर्धा तास खोटा नव्हता, फक्त त्याच्या आधीचे चार दिवस त्याने धरले नव्हते.

पण रीस्टार्ट केला तर सरळ विंडोज. कुठे जायचंय वगैरे काही विचारत नाही. बायोसमध्ये बूटच्या यादीत मिंट शोधतोय, मिंट नाहीच. कुठलंतरी उबुंटू आहे, ते मी टाकलेलं नाही. भाच्याने चुकीचं काहीतरी दिलंय का?

---

टर्मिनल_तात्या | ७ सप्टेंबर, सकाळी १०:०५

हाहा, तेच मिंट आहे. मिंट उबुंटूवर बेतलेलं आहे आणि बूटच्या यादीत स्वतःचं नाव उबुंटूच लावतं. त्याला विंडोज बूट मॅनेजरच्या वर न्या, काळा पडदा येईल त्यात दोन्ही दिसतील.

विंडोज दिसलं नाही तर घाबरू नका. तो काळा पडदा दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ग्रब, २०२१ ला त्याची २.०६ आवृत्ती आली तेव्हापासून ग्रब दुसऱ्या ओएस स्वतःहून शोधत नाही, ते मुद्दाम चालू करावं लागतं. काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) करून देतात, काही नाही.

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, सकाळी १०:५०

दिसतायत दोन्ही. फोटो काढून भाच्याला पाठवला, त्याने नुसता अंगठा पाठवला.

बाकी बारीकसारीक. मिंटमध्ये वायफाय नव्हतं, ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो बाहेरचा ड्रायव्हर हवा, पण तो उतरवायला नेट हवं. म्हणजे विहिरीत पोहरा पडलाय आणि तो काढायला पोहराच हवा. शेवटी मुलीने फोन केबलने जोडून यूएसबी टिदरिंग केलं, लगेच नेट आलं. एकाच बाजूचं पोर्ट चालतं, दुसऱ्याला खाऱ्या हवेने हिरवा गंज चढलाय. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठेवायला लावला, रीस्टार्टला निळा पडदा आला, काहीतरी एमओके मॅनेजमेंट, मी घाबरून कंटिन्यू दाबलं, निळा म्हटलं की आता छातीत धडधडतं. वायफाय अजून नाहीच.

आणि आत्ता साडेनऊला विंडोज उघडलं तर घड्याळ पहाटेचे चार दाखवत होतं.

---

अलिबागकरीण | ७ सप्टेंबर, सकाळी ११:३०

तो निळा पडदा चांगला होता हो! सिक्युअर बूट चालू असलं की बाहेरचा ड्रायव्हर तुम्हीच टाकलाय याची खात्री तो करून घेतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तुम्ही ठेवलेला पासवर्ड टाकायचा असतो. एकदाच विचारतो. ड्रायव्हर काढून परत टाका, पुन्हा विचारेल. पासवर्ड साधा ठेवा, त्या पडद्यावर कीबोर्ड इंग्रजी पद्धतीचा असतो.

घड्याळाचं, साडेपाच तासांचा फरक बघून ओळखलंच असेल. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाला मिंट ग्रिनिचची वेळ लावून ठेवतं आणि विंडोज तीच आपली वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, जागा, सेट-लोकल-आरटीसी, जागा, वन. मधे आडव्या रेघा आहेत त्या विसरू नका. मिंट एक पिवळ्या अक्षरात कुरकुर करेल, करू दे.

---

वशिष्ठी_काठ | ७ सप्टेंबर, दुपारी १२:१५

बॅकअप घेतलात ना पण?

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, रात्री ८:४०

घेतला. एक घरात तांदळाच्या डब्यात, एक बहिणीकडे कणकवलीला. म्हणजे भाच्याच्याच घरी, पण त्याला सांगितलं नाही.

वायफाय आलं, घड्याळ जुळलं. यादीत विंडोज पहिलं आणलं कारण बाबा लॅपटॉप उघडतात आणि काहीच न दाबता बसतात, दहा सेकंदांनी मिंट उघडायचं आणि मग मला बागेतून हाका. मुलगी मिंटवर मराठी टाइप करायला शिकतेय, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, शाळेत सांगितलंय.

फक्त पेट्यांची लेबलं छापायचा प्रिंटर मिंटमध्ये सापडत नाही. विंडोजमध्ये छापतो. काय करावं?

---

टर्मिनल_तात्या | ७ सप्टेंबर, रात्री ९:०५

मॉडेल नंबर टाका. आणि नवा धागा काढा हो, इथे कुणाला सापडणार नाही.

---

कुडाळचो_झील | ७ सप्टेंबर, रात्री ९:०९

मामानू, लेबलां एप्रिलात लागतली, आता सप्टेंबर आसा. भाचो दिवाळीक येतलो मां?

---

कलमवाला | ७ सप्टेंबर, रात्री ९:१२

येतोय. लॅपटॉप मावशीकडे ठेवतोय.